रामजीच्या खळ्यावरचं आभाळ

डिसेंबर ४, १९३३. महाड.

सकाळी लग्नाचा ग्रूप फोटो. ऐन वेळी नवऱ्याचा मामा शिंकला, प्लेट फुकट. पुन्हा सगळ्यांना उभं केलं, तोवर नवरीची आई रुसली. हेच धंदे.

मुंबईचा मित्र वि. गेल्या महिन्यात येऊन गेला, तेव्हापासून डोक्यात किडा आहे. फेब्रुवारीत त्यांच्या मंडळाचं फोटोंचं प्रदर्शन. म्हणाला, "सह्याद्री दाराशी असून तू मुंडावळ्या काढत बसलायस." लागलं ते. कारण खरं आहे.

पण डोंगर काढायचा तर कोऱ्या आभाळाखाली नको. प्लेटीवर तो पांढऱ्या भिंतीपुढे ठेवलेल्या ढेकळासारखा येतो. पावसाळ्यात ढग असतात, पण डोंगरच दिसत नाही. हिवाळ्यात वादळ आलं तर दोन्ही मिळतं. हवा धुतलेली, ढग जड, कडे काळेभोर. असं आभाळ एखाद्या वर्षीच येतं. यंदा यावं.

डिसेंबर ७.

वारा फिरला. दक्षिणेकडून, दमट. बंदरावरचे खलाशी सांगत होते, बाणकोटाच्या बाहेर समुद्र खवळलाय, होड्या आत घेतल्या. मी इतका खूष झालो की एका खलाशाने विचारलं, "शेठ, तुमचा काय माल अडकलाय का?" काय सांगणार!

सौ. म्हणाली, "जगाला या दिवसांत ऊन हवं, तुम्हाला ढग." बॅग भरून मात्र दिली.

उद्या पोलादपूर, तिथून वर रामजीच्या वाडीवर. आंबेनळीच्या वाटेवर तिच्याइतकी चांगली जागा नाही. रामजीचा मुलगा काशीराम मुंबईला गिरणीत असतो. लग्न झाल्यावर जोडीने माझ्या दुकानात फोटो काढून गेला होता, तेव्हापासूनची ओळख. रामजी दर वेळी म्हणतो, घरी या.

डिसेंबर ८. वाडी.

मोटारीने पोलादपूर, पुढे पायी. स्टँड रामजीच्या खांद्यावर, कॅमेरा माझ्या. प्लेटांची पेटी त्याला दिली नाही, मीच आणली. दम लागला. वय झालं म्हणायचं.

घरात रामजी, त्याची बायको भागू आणि सून तानू. मी काढलेला फोटो देव्हाऱ्याशेजारी, काचेला हळदकुंकू लावलेलं. तानूला दुकानात "हलू नकोस" म्हटलं तर तिने श्वासच धरून ठेवला होता, चेहरा लाल. आठवण काढली तर पदर तोंडावर घेऊन आत पळाली. भागू म्हणाली, "लय गुणाची हाय वो, बोलते जरा जास्त."

त्यांचं खळं डोंगराच्या सोंडेच्या अगदी टोकाला. समोर काहीही आड नाही, थेट महाबळेश्वरच्या रांगेपर्यंत. कॅमेरा इथेच लावायचा, दुसरीकडे झाडी. रचून ठेवलेली भाताची उडवी मोडून पेंढ्यांची झोडणी चालू आहे. हिवाळ्यात सगळ्या कोकणात हेच चालू असतं, त्यात विशेष काय.

डिसेंबर ९. वाडी. दुपार.

घाईत लिहितो. सकाळपासून ढग चढतायत. पण झोडणीचा भुसा सगळीकडे उडत होता. भिंगावर, काळ्या फडक्यावर, माझ्या नाकात. रामजीला म्हटलं, आजचा दिवस झोडणी थांबवता येईल का? नुसतं आजच.

रामजीने भागूकडे पाहिलं. भागूने आभाळाकडे. पेंढ्या उडवीवरून खाली काढलेल्या, सोडून पसरलेल्या होत्या. रामजी म्हणाला, "पाव्हणं येवढं लांबून आलं. उद्या झोडू." काम थांबलं.

तानू हातात पेंढी घेऊन तशीच उभी होती. मी चेष्टेत म्हटलं, "काय गं तानू, डोंगर तुझा. पाऊस येईल का आज?"

"येल. सांजच्या आत येल."

ते सांगायला ज्योतिषी नको होता, मलाही दिसत होतं. पण भागू तिच्यावर ओरडली, "खळ्यावर त्याचं नाव काढतात काय गो? रास लागली नाय अजून!"

रास लागून तिची पूजा होईपर्यंत खळ्यावर पावसाचं नाव घेत नाहीत. मोजतानाही पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मी काही इंग्लंडातून आलेलो नाही, मला हे सगळं ठाऊक आहे. आमच्याच घरी आजोबा खळ्यावर शिंकूसुद्धा देत नसत. तरी मी हसलो आणि पुन्हा फडक्याखाली शिरलो.

वारा वाढतोय. स्टँडला दगड बांधतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

मिळालं!! असं आभाळ जन्मात पाहिलं नव्हतं. दक्षिणेकडून काळी भिंतच आली, तिच्या खालून उजेडाची एक पट्टी, आणि त्या उजेडात समोरचे कडे एकामागे एक. प्रतापगडाच्या बाजूला वीज. वाऱ्याने स्टँड हलायला लागला तेव्हा ओरडलो, "रामजीबाबा, धरा!" त्याने दोन्ही हातांनी स्टँडचा पाय धरून ठेवला. कॅमेऱ्यावर इरलं धरायला भागू. सगळ्या प्लेटा वापरल्या. एक तरी चांगली येणारच.

आता सरी कोसळतायत. आत सगळे गप्प बसलेत. थकले असतील.

डिसेंबर १०. वाडी, सकाळी.

थकले नव्हते.

काल काय झालं ते आज उजेडात पाहिलं. खळ्यावर चिखल. पेंढ्या लोळलेल्या, दाणे मातीत. अर्ध्याहून जास्त भात बाहेरच भिजलं. वाचलं ते एकट्या तानूने घरात ओढून आणलेलं. कारण रामजी माझा स्टँड धरून उभा होता. कारण भागू माझ्या कॅमेऱ्यावर इरलं धरून उभी होती. दोघं त्यांचं भात पाण्यात जाताना बघत होती, आणि मी फडक्याखाली होतो. फडक्याखाली जग उलटं दिसतं, आणि फक्त समोरचं दिसतं.

माजघरात पाय ठेवायला जागा नाही. चुलीभोवती, माळ्यावर, दांडीवर ओल्या पेंढ्या. कुबट वास. काही बोलावं म्हणून म्हटलं, "फार नुकसान झालं हो." रामजी म्हणाला, "वाऱ्यापावसाचं कुणाच्या हातात हाय? तुमचं काम झालं ना?"

झालं, म्हटलं. त्याला खरंच बरं वाटलं. पैसे पुढे केले तर त्याने हात जोडले. मी पैसे परत खिशात घातले, याचीही लाज वाटली. आग्रह करायला हवा होता की नको, अजून कळत नाही.

डिसेंबर १२. महाड.

दुपारी दुकान बंद करून प्लेटा धुतल्या. दोन हललेल्या. एक अंधारी. पण एक... लाल कंदिलासमोर धरली आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. असा एक तरी फोटो मिळावा असं आयुष्यभर वाटायचं, आणि हा आला. ढगांचा प्रत्येक पदर, उजेडाची पट्टी, कड्यावरची झाडंसुद्धा.

खाली कोपऱ्यात खळ्याचा तुकडा. तिथे तानू. डोक्यावर भारा, वाकलेली, पाय पुसट कारण पळत होती. तेव्हा मला ती दिसलीच नव्हती.

आनंद झाला हे लिहून ठेवतो. लपवून काय उपयोग. खूप आनंद झाला, आणि त्याच क्षणी कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटलं.

डिसेंबर १८.

मोठा प्रिंट केला. सौ.ने बराच वेळ पाहिला.

"ही कोण पळतेय?"

"रामजीची सून."

"काय नेतेय?"

"भात. भिजत होतं."

"आणि तुम्ही?"

मी काय करत होतो ते तिच्या हातातच होतं. ती प्रिंट ठेवून भाजी चिरायला गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी खालची पट्टी कापली. वि.ला खालची बाजू जड वाटली असती. चौकट अशी जास्त चांगली दिसते. खरोखरच दिसते. तेवढ्यासाठीच कापली, असं लिहिणार होतो.

डिसेंबर २४.

रामजी बाजाराला आला होता, दुकानात डोकावला. चहा पाजला. वाचवलेल्या भातालाही कोंब आले. गुरांना घातलं. यंदा नाचणीवर काढायचं, म्हणाला, ते काय, सवय हाय.

मग म्हणाला, तानूला माहेरी पाठवली. शिवथरच्या अंगाला तिचं माहेर.

"का?"

"खळ्यावर बोलली ना ती. आमच्या हिच्या डोक्यातून जात नाय. वाडीतल्या बायका पन तेच बोलतात. रास लागायच्या आदी त्याला हाक मारलीन, मंग तो येनारच. शिमग्याला काशा येल तेव्हा बघू. ही बोलते, आता परत आनू नको."

मी विचारलं होतं. मी विचारलं म्हणून ती बोलली. हे एवढं वाक्य होतं. जिभेवर होतं. मी म्हटलं, "अजून एक कप घ्या."

गेला तो. मी तिथेच बसून राहिलो. गिऱ्हाईक आलं तर "आज फोटो नाहीत" म्हटलं. भित्रा आहे मी. चाळिशी उलटून गेल्यावर हे कळावं.

जानेवारी ३, १९३४.

सौ.ला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मग इथे काय करताय?" म्हणून काल वाडीवर गेलो. कॅमेरा नेला नाही. रामजी बांधाला गेला होता, भागू घरात.

सरळ सांगितलं. झोडणी मी थांबवली. पावसाचं तानूला मी विचारलं. मला पाऊस हवा होता. तुम्हा दोघांना मी अडकवून ठेवलं. दोष धरायचा तर माझा.

तिने शांतपणे ऐकलं. मला आधी वाटलं, पटतंय. मग म्हणाली, "तुमी मोठ्या मनाचं, म्हनून तिचं अंगावर घेताव. पाव्हण्याचा कदी दोष अस्तो काय? तुमी इचारलंव. तिनं गप ऱ्हायाचं होतं."

"अहो, पण विचारलं कुणी?"

"तुमी पाव्हणं."

पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. जेवढं अंगावर घेत होतो तेवढा तिच्या नजरेत मोठा होत होतो! वर जेवायला बसवलं. नाचणीची भाकरी, आणि त्यांच्या घरात उरलेल्या चिमूटभर तांदळाचा भात, खास माझ्यासाठी. तो खाल्ला. शीतही टाकलं नाही, टाकलं तर तिला काय वाटेल म्हणून.

जाताना होती त्याहून जास्त लाज घेऊन खाली उतरलो.

फेब्रुवारी १५.

वि.चं कार्ड. फोटो दर्शनी भिंतीवर लावला आहे, लोक थांबून बघतात, कुणा साहेबाने नाव विचारलं. "आता मुंडावळ्या पुरे," असं लिहितो.

कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. सौ. आली तेव्हा उशीखाली सारलं. चोरी केल्यासारखं.

शिवथरला जाऊन तानूला भेटावं असं रोज ठरवतो. जाऊन काय बोलणार? तुझा फोटो मुंबईला लागला आहे, फक्त तू त्यात नाहीस?

फेब्रुवारी २७.

शिमग्यासाठी काशीराम आला. मोटारीतून उतरला तो घरी न जाता आधी दुकानात. गिरणीतला कोट, पायात बूट, डोळे लाल. घरची हकीकत त्याला मुंबईतच वाडीतल्या कुणीतरी सांगितली होती.

"अण्णा, तुमी तिथं होतंव. ती बोलली काय?"

"बोलली. मी विचारलं म्हणून बोलली."

सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. कापलेली पट्टी काढून त्याच्यापुढे ठेवली. तो ती बघतच राहिला. तिच्या पुसट पायांवरून अंगठा फिरवला. मग विचारलं, "तुमी इचारलंव, तेव्हा तुमाला तो यायला हवा होता, का नको?"

"हवा होता."

त्याने मारलं असतं तर मार खाल्ला असता. चहा निवून गेला, त्याने कपाला हात लावला नाही.

"आयेला सांगितलंव काय हे?"

सांगितलं, ती ऐकत नाही म्हटलं. पाहुण्याचा दोष धरत नाही.

"मंग पाव्हणं म्हनून नका येऊ." उठून उभा राहिला. "मी शिवथरास जाऊन तिला घेऊन येतो. परवा सकाळी वाडीवर या. आये पान्याचा तांब्या आनेल, तो घेऊ नका. पाटावर बसू नका. बाहेर खळ्यावर उभं ऱ्हावा, आनि वाडीसमोर बोला. मंग तिला तुमच्यावर ओरडता येल."

पट्टी खिशात घालून गेला. मागितली नाही, मीही अडवलं नाही.

सौ.ला सांगितलं. म्हणाली, जा. मग थोड्या वेळाने म्हणाली, भागूबाईला केवढं लागेल ते. हो, लागेल. माणसाच्या दारचं पाणी नाकारायचं म्हणजे त्याच्या तोंडावर मारल्यासारखंच. आजवर कुणाचं नाकारलं नाही. गरिबाच्या घरचं तर कधीच नाही.

तानू आली तर तीही तिथे उभी असेल. येईल की नाही, काशीरामलाच खात्री नाही.

परवाची मोटार सकाळची आहे. भागू हसत तांब्या घेऊन दाराबाहेर येईल, आणि मला हात मागे ठेवायचे आहेत. जमेल का, ठाऊक नाही.