पहिली प्लेट

सोमवार, ४ मार्च

सोळा, सतरा, अठरा ऑक्टोबर. आमच्या प्रयोगशाळेत पीएचडी करणाऱ्या पोरीच्या आलेखावर हेच तीन खांब उंच. बाकीच्या तीन दिवसांचे जमिनीला टेकलेले – तेव्हा रसायन जुनं होतं म्हणे. निकाल डिसेंबरातच आला होता, पण मी आलेख आज पहिल्यांदा पाहिला. सर खुशीत. "हिचा अख्खा प्रबंध या तीन दिवसांवर उभा आहे." मी मागच्या खुर्चीवर, हातात चहा. तारखा वाचल्या आणि चहा खाली ठेवला. आई तेव्हा दवाखान्यात होती. अठराला संध्याकाळी गेली.

मंगळवार, ५ मार्च

नीट लिहून काढते, म्हणजे स्वतःला फसवता येणार नाही.

फळमाशीचं अंडं पहिले दोनेक तास आईने भरून दिलेल्या शिदोरीवर चालतं. त्याची स्वतःची जनुकं असतात, पण बंद. मग आईच्याच निरोपावरून बनलेलं एक प्रथिन डीएनएवर ठिकठिकाणी जाऊन बसतं, मिटलेल्या जागा मोकळ्या करतं, आणि अंड्याची जनुकं चालू होतात. हे नेमकं कधी सुरू होतं, ते पोरगी चार वर्षं शोधते आहे. तिला सापडलं – पहिल्या अर्ध्या तासातच! सगळे मानतात त्याच्या कितीतरी आधी.

पण ती पाचशे अंडी एकदम भरडते. माश्यांच्या पिंजऱ्यात अंडी घालायला अन्नाची प्लेट मी ठेवते, मीच काढते; अंड्यांचं वय कळतं ते फक्त माझ्या घड्याळावरून. आणि सकाळची पहिली प्लेट टाकून द्यायची असते. प्लेटवरचं अन्न सुकलं की माशी अंडं पोटातच धरून ठेवते, ते आत वाढत राहतं. ताजी प्लेट ठेवली की आधी ही जुनी अंडी घालते. म्हणून पहिल्या तासाची प्लेट कचऱ्यात. बावीस वर्षं नव्या मुलांना हे मीच शिकवते, दरडावून.

त्या तीन दिवशी मी दवाखान्यातून थेट आले. सातऐवजी नऊला. पोरीला साडेनऊला अंडी हवी होती. पहिलीच प्लेट दिली – अर्ध्या तासाची म्हणून, जुनी अंडी मिसळलेली. कुणाला बोलले नाही. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं, हे खरं. पण नंतरचे साडेचार महिने होतं की.

गुरुवार, ७ मार्च

सांगितलं नाही.

शनिवार, ९ मार्च

पोरीला दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेचं पत्र आलं. जूनपासून नोकरी – प्रबंध वेळेत दिला तर. गळ्यात पडली. "काकू, तुमच्या माश्यांमुळे हं." आई गेली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर हीच माझ्याशेजारी बसून होती. मी हसले. माझी मलाच लाज वाटली.

घरी नवरा म्हणतो, "एवढ्याशा माशीचं काय घेऊन बसलीस?"

सोमवार, ११ मार्च

सांगितलं. सर आणि पोरगी, दोघांसमोर, दार लावून. सरांना आधी कळेचना. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, बावीस वर्षांनी हे? आम्ही तुमच्या भरवशावर डोळे मिटून काम करतो."

पोरगी रडली नाही, रागावलीही नाही. नखाने टेबलाची कड खरवडत राहिली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बुधवार, १३ मार्च

सगळं पुन्हा करायचं ठरलं. पिंजरे मीच लावायचे, पण दुसऱ्या कुणीतरी समोर उभं राहून वेळ लिहायची. बावीस वर्षांनी माझ्यावर पहारा! हक्कच आहे त्यांचा. भाजी करपली.

सोमवार, १८ मार्च

पहिली प्लेट टाकली. दुसरीही टाकली, उगाच.

शुक्रवार, २२ मार्च

सगळे खांब जमिनीला. अर्ध्या तासात काहीच चालू होत नाही. प्रबंध आता जूनपर्यंत होत नाही, नोकरी गेली. "असू दे काकू," म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही. आईचं जाणं मला माझ्यापुरतं ठेवता आलं नाही. त्याची किंमत या लेकराने भरली.

मंगळवार, २६ मार्च

पोरगी रजेवर. सरांना खुलासा लिहायला ऑक्टोबरमधलं खोलीचं तापमान हवं होतं. "तिच्या वहीत बघा." कपाटातून वही काढली. सोळा तारखेच्या पानावर तापमान, वेळ, आणि खाली तिचं बारीक अक्षर: "काकू नऊला आल्या. पहिलीच प्लेट मिळाली. त्यांची आई आजारी आहे, काही विचारायचं नाही. ही अंडी वगळायची."

सतराला तेच. अठराला तेच.

तिन्ही पानांवर शेवटचं वाक्य खोडलेलं, पट्टी धरून. आमच्याकडे काही खोडलं की शेजारी त्या दिवसाची तारीख घालायची शिस्त आहे. तीही तिने पाळली होती. ५ डिसेंबर – निकाल आला तो दिवस.

तापमान उतरवून घेतलं. वही मिटली नाही. तिच्या खुर्चीसमोर, त्याच पानावर उघडी ठेवली आणि पिंजरे धुवायला गेले.