गेटजवळचं गवत

१२ ऑक्टोबर
शेंद्र्याच्या कंपनीतली गेटजवळची लॉन आज काढली. दिवसभर ऊन, खाली मुरूम. दोन दिवस पाणी चुकलं की पिवळी. बागेचं कंत्राट माझं, कधीची कंपनीच्या साहेबांच्या मागे लागले होते. टँकर लॉनवर कशाला ओतायचा? फाउंटन ग्रास आणि वाळा, अशी शोभेची गवतं लावू, बारा महिने हिरवं, वर्षातून एकदा छाटलं की झालं. साहेब म्हणाले, "उन्हाळा काढला तर सगळी बाग तशी करू. नाहीतर तुमच्या कंत्राटाचं बघावं लागेल." हसून म्हणाले. पण म्हणाले.

१५ ऑक्टो.
रोपं लावून झाली. दीड फुटावर एक. अजून बोटाएवढीच. हाताला माती, पाठ गेली.

२७ ऑक्टो.
खुरपायला नवीन बाई, कौतिकबाई. पिशोरची, साठीची. मुलगा इथं कामाला, म्हणून शेत सोडून आली. हात भराभर चालतो. बोलणं कमी.

२९ ऑक्टो.
दाढ काढायला गेले होते. रोपांमधे तण वाढलेलं, म्हणून तिथूनच कौतिकबाईला फोन केला, गेटजवळचं गवत काढून घ्या. तोंडात कापूस, एवढंच बोलले.

३० ऑक्टो.
सकाळी बघते तर पट्टा स्वच्छ. एकूण एक रोप उपटून भिंतीमागे ढीग. कौतिकबाई खुशीत. "कुंदा लई माजला होता मॅडम. मुळासकट काढलाय, परत यायचा नाय."
तण नाही, ते लावलेलं होतं, म्हटलं. ती खाली बसली. "गवत लावतेत व्हय कुठं?"
तेवढ्यात साहेबांची गाडी. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, रात्री डुकरं शिरली असतील. का म्हटलं, माहीत नाही. ढीग त्यांना दिसला नाही.
ऊन उतरल्यावर कौतिकबाईनं मुळं ओली होती ती रोपं निवडली, पानं निम्मी कापली, शेणमातीच्या काल्यात बुडवून परत लावली. मी पाणी घालत गेले. ती घरी गेली तेव्हा अंधार पडत होता. "मला काढून टाकतेन का?" म्हणाली. नाही म्हटलं.

१ नोव्हें.
साहेबांनी रात्रपाळीच्या वॉचमनला, शेषरावमामांना, नोटीस दिली. डुकरं आत आलीच कशी? मामा माझ्याकडे आले. "मॅडम, म्या फाटक उघडलंच नाय. तुमी पाहिली का डुकरं?"
नाही, म्हटलं. पुढचं बोलायला हवं होतं. बोलले नाही. डबा तसाच परत आणला.

३ नोव्हें.
साहेबांना सगळं सांगितलं. फोनवर काय बोलले होते तेही.
"काढलं कुणी?"
"माझ्या सांगण्यावरून काढलं."
नाव त्यांनी परत विचारलं नाही. कागद चाळत राहिले. मग म्हणाले, "रोपांचं काही नाही हो. डुकरांचं कशाला सांगितलंत?"
नोटीस मागे घेतली. मामांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, "बरं" म्हणाले आणि रजिस्टर उघडलं.

१९ नोव्हें.
निम्मी गेली. उरलेल्यांना मधून हिरवी पात. वाळ्याची जास्त जगली. कौतिकबाई येता-जाता वाकून बघते.
मामा अजून नमस्कार करत नाहीत. मी करते.

२० एप्रिल
मधे लिहिणं राहिलं. ऊन भाजून काढतंय. पट्ट्याला आठवड्याला एकदाच पाणी, तरी गवताचे ठोंब गुडघ्याच्या वर. मधल्या रिकाम्या जागा दिसतात. दिसणारच.
साहेब आज गाडीतून उतरून उन्हात उभे राहिले. "बाकीची लॉन पावसाआधी काढायची," म्हणाले. कुणी, ते बोलले नाहीत. माझं कंत्राट मेअखेर संपतं. मीही विचारलं नाही.
कौतिकबाईला मोठे ठोंब फोडून रिकाम्या जागी लावायचेत. आत्ता नको, पाऊस पडू दे, म्हटलं.
"तवा तुमी असताल ना?"
माहीत नाही, म्हटलं. कुठले फोडायचे त्यांना आजच खुणा करून ठेवू. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या आणल्या. दोघींनी बांधल्या.