अर्धी प्रदक्षिणा

मंगळवार, १० मार्च १९५३

आज किसनाच्या हातून दूधवाल्याचा पाय गेला. किसनाच्या, की माझ्या?

किसना उमरेडचा विणकर. माग बंद पडला म्हणून माझ्याकडे मोटार शिकत होता. आज पहिल्यांदा त्याला गोल चौकात नेलं. कसं वळायचं ते कळेना, तेव्हा मीच म्हणालो, "मधल्या महादेवाले प्रदक्षिणा घालतो असं समज गा." स्वतःवर केवढा खूश झालो होतो!

अर्धा चौक छान आला. देवळाच्या पन्हळीसमोर पोचला आणि गाडी गर्रकन मागे वळवली. डावीकडे सायकलवर दूधवाला होता. सगळं दूध रस्त्यावर.

"काहून वळवली गा?" मी ओरडलो.

तो म्हणाला, "महादेवाची पन्हाळ ओलांडत नाही न जी. तिथूनच परत फिरा लागते."

खरंच आहे. दर सोमवारी मीसुद्धा तिथूनच परत फिरतो. मग सांगताना कसं आठवलं नाही?

पोलिसांनी किसनाला नेलं. जाताना तो त्या दुधाकडेच पाहत होता. उतारावरून ते पन्हळीपर्यंत गेलं होतं. मला कोणी काही विचारलं नाही. मीही काही बोललो नाही.