हातांवाचून वाजणारी गिटार

३ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपणास पत्र लिहिण्याचे धार्ष्ट्य करीत आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आजवर आईच्या पत्राच्या तळाशी ‘मामांना माझा नमस्कार’ एवढी एकच ओळ माझ्या वाट्याला येई, आणि तीही मी दोनदा खोडून लिहीत असे. फोन करावा, तर समोरचा ‘हॅलो’ ऐकताच पाठ केलेले सगळे विसरते. शिवाय आमच्या घरात फोनवरचे बोलणे भिंतीपलीकडे जाते, आणि हे जाऊन चालणार नाही.

विषय दादाचा आहे. मागच्या खेपेस आपण त्याला गिटारला जोडायचे जे पेडल दिले, त्याला आई अजून ‘पायपेटी’च म्हणते. त्यातला लूपर मला समजला आहे तो असा: बटणावर पाय दिला की वाजवलेले मुद्रित होते, पुन्हा पाय दिला की तेवढेच फिरून फिरून वाजत राहते, आणि त्या साथीवर आपण दुसरे काही वाजवायचे. थोडक्यात, एकट्याने दोघांचा सराव. आपण हॉटेलच्या वाद्यवृंदात रोज गिटार वाजवता, तेव्हा यात चूक असल्यास हसून सोडून द्यावे.

बाबांचा गिटारला किती विरोध होता, हे आपण जाणताच. दिवसभर बस चालवून आलेल्या माणसाला घरात तरी हॉर्न नको, असे म्हणून त्यांनी दादाला हेडफोन लावायला लावले होते. परंतु नाट्यगृहाच्या वाद्यवृंदातील जागेसाठी दादाला चाचणीचे बोलावणे आले, आणि एका संध्याकाळी बाबांनीच सांगितले की ते कानातले काढ, आम्हालाही ऐकू दे. तेव्हापासून पेडल छोट्या स्पीकरला जोडलेले असते. बाबा बाहेरच्या खोलीत बूट काढता काढता ऐकत बसतात. एक बूट पायात तसाच राहतो, इतके ऐकतात. बारा ऑगस्टला चाचणी आहे, हे त्यांच्या डेपोतल्या प्रत्येकाला ठाऊक झाले आहे.

आता माझी भीती सांगते. मी भिंतीलगतच्या टेबलावर वाचत असते. दादाच्या साथीच्या तुकड्यात एके ठिकाणी तारेवर बोट घासल्याचा बारीक ‘कुंई’ असा आवाज येतो. तो काल ज्या जागी आला त्याच जागी आज येतो, तितकाच लांब, तितकाच बारीक. आणि त्या साथीवरचे दुसरे वाजवणे मात्र कित्येक संध्याकाळी मी ऐकलेले नाही. परवा त्याने बाटलीचे झाकण माझ्याकडून उघडून घेतले, वर म्हणाला की तुझा व्यायाम व्हावा म्हणून देतोय. मला हसू आले नाही.

कदाचित हे सगळे माझ्या पुस्तकी डोक्याचे खेळ असतील. तसे असल्यास आपण स्पष्ट लिहावे. लोभ आहेच, हे पत्र वाचूनही तो टिकावा, एवढे मागते.

आपली भाची

१० जुलै

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

पुस्तकं संपली म्हणून आता भावाची गिटार पोखरायला घेतलीस का? तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा कळावं म्हणून, आणि एकदा आमच्या ड्रमवाल्याला ‘धार्ष्ट्य’ ऐकवायला. त्याने विचारलं की ही तुझी भाची आहे की न्यायाधीश.

घाबरू नकोस. लूपरला अक्कल नसते. बोट घासलं तर तो तेही जपून ठेवतो आणि दर फेरीला इमानदारीत परत देतो. भाचेबुवा साथ लावून नुसते ऐकत बसले असतील. ऐकणं हाही सरावच. मात्र त्याला सांग की पेडलमधला घुमारा आणि आवाज फाडणारी गुरगुर, दोन्ही बंद ठेव. त्या इफेक्टांखाली सगळ्या चुका झाकल्या जातात आणि माणसाला वाटतं आपण फार थोर. आणि मी घालून दिलेला नियम मोडू नकोस म्हणावं: एक सूर जरी घसरला तरी लूप पुसायचा आणि पहिल्यापासून वाजवायचं. चाचणीत कोणी पुसायला देत नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी एक कर. खोलीत जाऊन पेडलवरचा दिवा बघ. लाल असेल तर तो मुद्रण करतोय, म्हणजे हात चालू आहेत. हिरवा असेल तर जुनंच वाजतंय. सारखा हिरवाच दिसला, तर मला लगेच लिही. बाटलीच्या झाकणाचं मला तेवढं आवडलं नाही.

ताईला आणि मेव्हण्यांना नमस्कार. तुझ्यावर माया आहे, ती मागायची गरज नाही.

तुझा मामा

१७ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

दिवा हिरवा होता.

मी चहाचे निमित्त करून आत गेले. साथ नेहमीसारखी वाजत होती. गिटार पलंगावर आडवी पडली होती, आणि दादा जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. डावा हात त्याने उजव्या काखेत धरला होता, थंडीने गारठलेल्या माणसासारखा. मला पाहताच तो आधी चिडला, मग त्याने दार लावायला सांगितले.

मामा, त्याच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात, आणि कधी कधी ती बोटे आपली आहेत असेच वाटत नाही, असे तो म्हणाला. मनगटापासून कोपरापर्यंत कळ जाते. चाचणीतील एका गाण्यात बोटे फार ताणावी लागतात. तेवढाच तुकडा तो सकाळपासून वाजवी, चुकला की पुशी आणि पुन्हा वाजवी. यंत्र थकत नाही, ते लगेच तयार असते. म्हणून तोही थांबला नाही. हात बरा असताना साठवून ठेवलेली एक साथ त्याच्याकडे आहे. बाबा घरी यायच्या वेळी तो तीच लावतो. आपण खोटे वाजवत नाही, वाजवलेले आपलेच आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. मी वादविवाद स्पर्धेत बक्षिसे मिळवली आहेत. तरी मी चहाचा कप त्याच्या उजव्या हातात दिला, एवढेच.

त्याने माझ्याकडून आईबाबांना न सांगण्याची शपथ घेतली. आपले नाव त्या शपथेत नव्हते. ही पळवाट आहे हे मला कळते.

वाचनालयात जाऊन मी शरीरशास्त्राचे एक जाड पुस्तक उघडले आणि ते वाचून अधिकच घाबरले. हाताच्या मज्जातंतूवर दाब राहिला तर पंजाची ताकद जाते आणि कधी कधी परतत नाही, असे त्यात आहे. दादाला हे सांगितले, तर तो म्हणाला की चाचणी होऊ दे, मग हवे तेवढे पुस्तक वाचून दाखव. बाबांनी त्या दिवशीची आपली फेरी दुसऱ्याला दिली आहे; ते स्वतः सोबत जाणार आहेत. मी काय करावे? शपथ मोडली तर दादा जातो, पाळली तर त्याचा हात जातो, असे मला वाटू लागले आहे.

उत्तराची वाट पाहते. आपला लोभ या घरावर आहे, म्हणूनच एवढे लिहिता आले.

आपली भाची

२३ जुलै

चि. भाचेबुवांस,
आशीर्वाद.

वाळवीवर डाफरू नकोस. ती न लिहिती तर मी तिच्यावर डाफरलो असतो.

गिटार आजपासून खाली ठेव. उद्यापासून नाही, आजपासून. तो नियम मी दिला आणि तो मूर्खपणाचा होता. माझ्या बाजूला ड्रमवाला असतो, त्याला सिगारेट ओढायची असते; गायिकेचा घसा बसतो; कोणी ना कोणी मला थांबवतं. तुला थांबवायला खोलीत कोणीच नव्हतं, याचा विचार मी केला नाही. पोरा, हाताच्या डॉक्टरकडे जा. मुंग्या येतायत म्हणजे मजा नाही.

वडिलांना तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी फोन करीन, आणि मेव्हण्यांचा आवाज फोनवर कसा चढतो ते तुला माहीत आहे. रागावलो नाही. काळजीत आहे, त्यामुळे तसं वाटेल.

मामा

२९ जुलै

प्रिय मामा,
सा. न.

म्हणजे वाळवीने मला पोखरलंच तर! पत्र नीट लपवून वाचलं. फोन करू नका, पाया पडतो.

चाचणीला दोनच गाणी आहेत. मी दोन बोटांवर निभावेल अशी मांडणी केली आहे, त्यावर थोडा घुमारा टाकला की कोणाला कळणार नाही. डॉक्टरकडे तेरा तारखेला जातो, शब्द देतो.

तुम्हाला एक सांगू? लहानपणापासून बाबांनी मला ‘बंद कर’ एवढंच म्हटलंय. आता रोज घरात शिरता शिरता हाक मारतात, वाजव रे म्हणून. परवा त्यांच्या डेपोतला कंडक्टर मला रस्त्यात भेटला आणि हात मिळवला. डावा पुढे केला असता तर ओरडलोच असतो. बाबांना मी कसं सांगू की तुम्ही वाजव म्हणताय, पण मी कधीच थांबलोय?

बारा तारखेपर्यंत सांभाळून घ्या. माया पातळ करू नका.

तुमचा भाचा

६ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण फोन करण्याआधी हे पत्र पोचेल की नाही, ठाऊक नाही. आता फोन केलात तरी चालेल.

काल संध्याकाळी दादाने नेहमीप्रमाणे साथ लावली. मी आत त्याला समजावत होते. इतक्यात बाबांनी दारावर टकटक केली. आजवर कधी ते आत आले नव्हते. ते म्हणाले की ऐकतो रोज, पण बोटे कशी पळतात ते एकदा बघायचे आहे. दादाने झटकन गिटार मांडीवर घेतली. बाबा पलंगाच्या कडेला बसले, आणि दादा तारांना न दाबता, त्या वाजणाऱ्या साथीबरोबर नुसती बोटे फिरवू लागला. बाबांना त्यातले काही कळत नाही, मामा. ते मान हलवत होते. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, लहान मुलाला पहिल्या रांगेत जागा मिळावी तसे बसले होते. मला ते बघवेना.

मी पेडलवर पाय दिला. कोणते बटण, हे मला आता माहीत आहे.

आवाज थांबला, आणि दादाची बोटे त्यानंतरही थोडा वेळ फिरत राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिले, मग त्याच्या बोटांकडे. त्यांनी विचारले की मग रोज मी कोणाचे ऐकत होतो. दादा म्हणाला की माझेच, बाबा, पण हात दुखायला लागला त्याच्या आधीचे.

बाबांचा आवाज चढला नाही. त्यांनी आपली दोन बोटे पुढे केली आणि दादाला डाव्या हाताने आवळायला सांगितले. दादाने आवळली. बाबा म्हणाले की जोरात आवळ. दादा म्हणाला की जोरातच आवळतोय.

मग बाबांनी डेपोत कळवले की रजा बारा तारखेची नको, उद्याची हवी. आईने ओळखीच्या परिचारिकेकडून हाताच्या डॉक्टरांची वेळ घेतली. चाचणीचे नाव कोणी काढले नाही. दादा रात्री माझ्याशी एक शब्द बोलला नाही, आणि त्याला ते शोभलेच.

आता सकाळ आहे. डॉक्टर काय सांगतील याची कल्पना करायची नाही असे ठरवून मी हे लिहायला बसले, आणि तेच करीत आहे. आपण स्वतःला बोल लावू नये. शपथ मोडली ती मी. पळवाट नव्हती, मोडलीच.

दादा आत्ता दारात येऊन उभा राहिला आहे. बाहेर जायचा सदरा घातला आहे, आणि उजवे मनगट माझ्यापुढे धरले आहे. त्या बाहीचे बटण डाव्या हाताने लागत नाही. ते लावून देते आणि निघते.

आपला लोभ आज थोडा जास्त असावा.

आपली भाची

टपालपेटीत टाकले: ६ ऑगस्ट, सकाळी आठ वाजून वीस मिनिटे.