रोयण फोडली कोणी?

अहो,

तुम्हाला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. पंधरा वर्षांच्या संसारात साधी चिठ्ठी लिहिली नाही. लिहायचं तरी कशाला? तुम्ही घरात, नाहीतर हरमलच्या किनाऱ्यावर खोलीसाठी पाहुणे शोधत. हाक मारली की ऐकू येईल इतक्या जवळ.

आज लिहितेय, कारण रोयण पुन्हा वर आलीय. पाहुण्यांच्या बाथरूममागे, अगदी त्याच जागी, वाळवीने माती रचून रचून वारूळ गुडघाभर केलंय. सकाळी तुमच्या आईंनी बघितली आणि हात जोडून तिथेच खाली बसल्या. उद्या गाऱ्हाणं घालायचं ठरलंय. माफी कोणी मागायची? मीच. दुसऱ्यांदा!

तुम्हाला आठवतं, मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा काय दाखवलं होतंत? घर नाही, विहीर नाही. ती रोयण. "हंय राखणदार रवता," म्हणालात. राखणदार सापाच्या रूपात फिरतो, म्हणून साप हा शब्द परसात काढायचा नाही, 'लांबडा' म्हणायचं, हेही तेव्हाच शिकवलंत. मी जवळच्याच चोपड्याची, नदीकाठची. पाण्यातली दिवड पायाखालून गेली तरी न ओरडणारी. मला हसू आलं होतं. पण तुम्ही तिथे फूल ठेवताना इतके साधे, इतके चांगले दिसलात की हसू ओठातच राहिलं. मला तुम्ही आवडलात ते तेव्हा, हे कधी सांगितलं नाही.

धामण तर आपल्या घरचीच होती. ती रशियन बाई टॉवेल गुंडाळून किंचाळत अंगणात आली होती तो दिवस! तुम्ही केरसुणीच्या दांड्याने धामण हळूच उचललीत, माडांकडे सोडलीत आणि बाईला म्हणालात, "नो प्रॉब्लेम, फॅमिली." आपण दोन दिवस हसत होतो. सायली तेव्हा चार वर्षांची होती, ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की धामण आमची आत्या आहे.

मग खोलीला बाथरूम हवं झालं. खोटं कशाला बोलू, मलाही हवं होतं. पाहुणे आपल्या न्हाणीत शिरायचे त्याचा मला वैताग आला होता. पण जागा तुम्ही ठरवलीत. आई देवळात गेल्या होत्या, तेवढ्या वेळात पिकास घेऊन रोयण तुम्ही फोडलीत. मी म्हटलं होतं, दोन हात बाजूला घेऊ. तुम्ही म्हणालात, पाइप वळवावा लागेल. पाइप! पंधरा वर्षं फूल ठेवलंत आणि एका पाइपासाठी पिकास उचललंत.

घाव घालून झाल्यावर मात्र तुमचा चेहरा उतरला. तुम्ही मला माजघरात ओढून नेलंत आणि म्हणालात, "आयेक सांग, तुया फोडलीस. तुका काय, तू भायली. तुका राखणदार माफ करतलो. माका करूचो नाय."

भायली! ज्या घरात पंधरा वर्षं राबले, त्या घरात मी बाहेरची. तुमच्या सोयीपुरती. तरीही मी सांगितलं. वाटलं, आई चार दिवस बोलतील आणि विसरतील. त्या विसरल्या नाहीत, पण तुम्ही विसरलात. बाथरूमला फरशी बसली त्या दिवशी शिट्टी वाजवत होतात.

दोन महिन्यांनी मेअखेरीस तुम्ही पावसाआधी माडांची वाळलेली चुडतं आवरायला गेलात. ढीग उचललात आणि त्याखाली घोणस होती. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला. मला वाटलं, आपलाच कुकर. त्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

घोणस पायाला चावली, तुमच्या भावाने लगेच गाडी दारात आणली. दार उघडं होतं. आणि आई आडव्या उभ्या राहिल्या. "आदी तिका माफी मागूंदे! मगे गाडी काडा." नारळ आणा, उदबत्ती आणा, फुलं आणा. तुम्ही सोप्यावर बसलेले, पाय सुजून काळानिळा. मी तुमच्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतंत, 'आये, मी फोडलीय, हिला सोड, मला गाडीत घाल.' कदाचित आईंनी तुम्हालाही माफी मागायला लावली असती. असेल! पण तुम्ही घरचे कर्ते. तुम्ही उठून गाडीत बसला असतात तर कोणाची छाती होती अडवायची?

मी मोडलेल्या मातीसमोर डोकं टेकलं. आईंनी गाऱ्हाणं घातलं, "बा राखणदारा म्हाराजा, ह्या घरच्या सुनेकडसून चूक जाली, ती पदरात घे, माज्या झिलाक बरो कर." सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा." तुम्हीही म्हणालात. मी ऐकलं. मरणाच्या दारातसुद्धा तुम्ही माझ्या खोट्या गुन्ह्याला होकार दिलात!

तासभर गेला. म्हापशाला इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, इतका उशीर का? आईंना ढकलून तुम्हाला मी गाडीत का घातलं नाही, हे मला कोण सांगेल? मी भायली होते ना, म्हणून असेल.

आता आई म्हणतात, माफी मागताना माझ्या मनात खोट होती म्हणून राखणदाराने ऐकलं नाही. येईल त्याला सांगतात, "हिणां रोयण फोडल्यान म्हणान माजो झील गेलो." त्यांचा मुलगा गेलाय, मी उलटून बोलत नाही. सगळं गिळलं. पण आज सायली शाळेतून आली, दप्तर ठेवलं नाही, पाणी प्यायली नाही. बाथरूममागे जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, तू कित्याक फोडलीस गो? बाबा आसते मरे आज."

अकरा वर्षांची आहे ती. तिच्या डोळ्यांत मी तुम्हाला मारलंय. हे मी कसं गिळू, सांगा ना! तुमची लाज झाकली, तुमच्या आईचा राग झेलला. लेकसुद्धा तुमच्यासाठी गमवू?

नाही. म्हणून हा शब्द देते. या रोयणीला कोणी हात लावणार नाही, ती वाढेल तेवढी वाढू दे. सायलीला शिकवीन की कधी चावलं तर हलायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही, थेट इस्पितळ गाठायचं. आणि उद्या नारळ ठेवून झाला की आईंच्या आधी मी बोलेन. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून आजवर घेतलं नाही, उखाण्यात तेवढं एकदा. उद्या घेईन. सायलीचा हात हातात धरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणेन, "बा राखणदारा म्हाराजा, ही रोयण गुरुदासान फोडल्यान. चूक त्याची. ती पदरात घे."

बघू, 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतं ते. कोणीच नाही म्हणालं तर मी एकटी म्हणेन.

सुलभा