रस्त्याकडच्या दोन खोल्यांची किंमत

काल बाजारातून आले ते: कोरे कागद सहा, बारा नवे पैसे, शाईची पुडी, सहा नवे पैसे, आणि ‘उस्मानाबादेतील घरांचे भाव’ हे छापील पत्रक, पंचवीस नवे पैसे. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही असे कचेरीत दोनदा विचारून आले, म्हणून साध्या कागदावर लिहिते.

मी शारदा, कै. नारायणराव मास्तरांची पत्नी, वय बावन्न, मॅट्रिक पास, डोके ठिकाणावर ठेवून, कोणाच्या शिकवणीने नव्हे, देवीपुढे बसून लिहून ठेवते की:

एक. मागल्या दोन खोल्या, न्हाणी व आडाच्या पाण्याचा हक्क मुलगी विमल, राहणार लोहारा, हिला. विकायची वेळ आलीच तर तिने पत्रक वाचू नये. हळदीकुंकवाला आळीतल्या बायकांना विचारावे, पदरचे किती मोजले.

दोन. ही अट का, ते असे. रस्त्याकडच्या दोन खोल्या सन १९५७ साली मी थोरले बंधू गोपाळकृष्ण ऊर्फ अण्णा, दस्तलेखक, हल्ली मुक्काम तुळजापूर, यांना अकराशेला दिल्या. मास्तरांचे वर्षश्राद्धही झाले नव्हते. नोंदलेल्या खरेदीखतांवरून हे पत्रक अण्णाच काढतात. ते पुढे ठेवून म्हणाले, “शारदे, भाव उतरतोय. कचेऱ्या हलणार म्हणतात. परक्याच्या घशात घालण्यापेक्षा घरात राहू दे.” मी सगळ्या बेरजा तपासल्या. बरोबर होत्या. सही केली.

आठ महिन्यांत अण्णांनी त्याच खोल्या तेलाच्या व्यापाऱ्याला एकवीसशेला विकल्या. मला म्हणाले, भाव अचानक चढला. मी तेही खरे मानले.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी पत्रकातला भाव सांगितला, तशा पलीकडच्या इरम्मा हसल्या. “अवो मास्तरीणबाई, आमच्या मालकानं चार हजार मोजलं. कागदावर बावीसशे! स्टँप वाचावा म्हणून समदेच कमी लिवतेत की. आमचा कागद तुमच्या अण्णांनीच लिवला न्हवं?”

कमी आकडा लिहिणारे अण्णा, त्याची सरासरी काढणारे अण्णा, आणि ती विधवा बहिणीपुढे धरणारेही अण्णाच. परक्याने फसवले असते तर चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. भाऊबीजेला ओवाळले, आणि ताट खाली ठेवून हे लिहायचे ठरवले.

व्यापाऱ्याशी विमलने भांडू नये. त्याने पैसे मोजले आहेत.

तीन. पोस्टातल्या तीनशे दहा रुपयांत माझे दिवस करावेत. तेराव्याला बुंदी नको, वरणभात पुरे. उरतील ते देवीच्या नंदादीपाच्या तेलाला.

चार. वडिलांचा चांदीचा गडू अण्णांना. त्यांचा त्यावर लहानपणापासून जीव आहे.

वरील मजकूर वाचून पाहिला, माझ्या मनासारखा आहे.

सही: शारदा नारायण
साक्षीदार: १. मुनवर मास्तर, यजमानांचे शाळेतले सोबती (सही)
२. (जागा मोकळी)
मुक्काम उस्मानाबाद, मंगळवार, दि. १४ नोव्हेंबर १९६१

अण्णा, ही नक्कल तुम्हाला पोस्टाने पाठवते. दुसरी जागा तुमच्यासाठी ठेवली आहे. कलम दोन खरे असेल तर येऊन सही करा. ज्याला मिळायचे त्याची साक्ष घेऊ नये, हे तुम्हीच मला शिकवलेत. तेव्हा सही केलीत तर गडू विमलकडे जाईल. न केलीत तर तो तुमचाच, आणि मी इरम्मांचा अंगठा घेईन. गडू की सही, ते उलट टपाली कळवावे.