'उमी'मागचा आवाज

मुरुड, मंगळवार, दिवेलागण

आज जपानीच्या उजळणीत मोबाइलवर पुन्हा 'उमी' आलं. उमी म्हणजे समुद्र. या ॲपचं असं आहे की येणारा शब्द ते लांब ढकलतं आणि न येणारा उद्याच परत दाखवतं. यातली शब्दांची कार्डं धाकट्या मीनूने जपानला जाण्याआधी भरली, स्वतःच्या आवाजात, आम्ही दोघी पडवीत बसलो असताना. तिच्या 'उमी'मागे नारळाच्या वाडीतून बाबांची हाक ऐकू येते, "पोरींनो, शहाळी काढलीत गं, येताय ना?"

बाबा गेले. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे आहे आपल्याकडे? कुठेच नाही.

शब्द येतो मला. पण 'येतो' दाबलं तर कित्येक महिने ती हाक नाही. म्हणून रोज 'विसरले' दाबते. वेडेपणाच ना हा?

शेवटी आज मीनूला फोनवर सांगितलंच. तीच कार्डं तिच्याही मोबाइलवर आहेत, पण ती तिथल्या वृद्धाश्रमात कामावर दिवसभर जपानीच बोलते. तिला कशाला लागतील आता?

ती म्हणाली, "ताई, तो शब्द मलापण अजून येत नाही गं."